जास्वंदीच्या मुळाशी चहाचा चोथा

आमच्या बदलापूरच्या घरात जास्वंद आली ती आईंच्या मांडीवर बसून. आई म्हणजे माझ्या सासूबाई. अंबरनाथला बुवापाड्यातली आमची चाळ पाडायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांनी कपाटं, भांडी टेम्पोत चढवली आणि या बाई दारातल्या जास्वंदीच्या दोन फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून रिक्षात बसल्या. एक वाळली. दुसरी तळमजल्यावरच्या आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, मोठ्या कुंडीत जगली. चाळ गेली, तिथलं झाडही गेलं. उरलं ते एवढंच, म्हणून त्याचे लाड माझ्या मुलांपेक्षा जास्त.

साधी लाल, पाच पाकळ्यांची. कळ्या आदल्या संध्याकाळीच तोडून ओल्या रुमालात ठेवायच्या, सकाळी त्या देव्हाऱ्यात उमलतात. का, तर पहाटे फिरायला निघणारी मंडळी. पिशवी घेऊनच निघतात मेले! "व्यायाम तुमचा आणि फुलं आमची," असं मी एकदा खिडकीतून ऐकवलं, तर आई मलाच म्हणाल्या, "अगं हळू. देवालाच वाहतात ना?" त्या अशा आणि मी फटकळ. माझं तोंड आधी सुटतं, डोकं मागाहून येतं.

गेल्या वर्षी पाऊस संपला आणि कळ्या पिवळ्या पडून गळायला लागल्या. जवळून पाहिलं तर देठांवर कापसासारखी पांढरी कीड, आणि काळ्या मुंग्यांची रांग वर-खाली. आईंनी दात घासायचा जुना ब्रश काढला. गुडघे दुखत असताना स्टुलावर बसून रोज एकेक फांदी साबणाच्या पाण्याने घासायच्या. दोन दिवसांत कीड पुन्हा हजर. एका मंगळवारी गणपतीपुढे एकही फूल नव्हतं. पूजा झाल्यावर आईंनी फुलांची रिकामी परडी पुसून उपडी ठेवली. मला बघवेना.

मी तडक उल्हासनगरला खतं विकणाऱ्या एका सिंधी काकांकडे गेले. त्यांनी फोनमधला फोटो पाहिला आणि विचारलं, "भाभी, चाय की पत्ती डालते हो? चीनीवाली?" गोडाला मुंग्या येतात, म्हणाले, आणि मुंग्याच या किडीला सांभाळतात, झाडभर पसरवतात.

झालं! झाडाला चहाचा चोथा घालायची पद्धत आईंचीच, चाळीपासूनची. घरी आले ती चपलाही न काढता सुरू झाले. "अहो आई, तुम्हीच मारताय झाड! गोड चोथा मुळाशी घालायचा आणि वरून ब्रशने घासत बसायचं!" त्या काहीतरी बोलणार होत्या. मग "असेल गं," एवढंच म्हणाल्या.

काकांनी सांगितल्याप्रमाणे झाड गुडघ्याएवढं छाटलं. कात्री मी चालवली, फांद्या आईंनी धरल्या. पुढचा महिनाभर कुंडीत नुसता खुंट. जगेल की नाही, कोणी सांगावं? आई रोज सकाळी नखाने साल जराशी खरवडून बघायच्या, आत हिरवं आहे का. मी विचारायची नाही. उत्तराची भीती वाटायची.

अशाच एका सकाळी मुलांचे डबे, ह्यांचा चहा, माझा चहा, नुसती धांदल. चहा गाळला, खिडकीच्या ग्रिलमधून हात बाहेर काढला आणि गाळणं कुंडीवर ठोकून रिकामं केलं. रोजच्यासारखं.

रोजच्यासारखं! हात तिथेच थबकला. आईंना मधुमेह होऊन सहा वर्षं झाली. त्यांचा चहा वेगळ्या पातेल्यात, बिनसाखरेचा. गोड चहा पिणारे आम्ही आणि तो गाळणारी मी.

मागे वळले तर आई दारात उभ्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी त्या कुंडीशीच तर असते. तू काका काय म्हणाले ते सांगितलंस ना, त्या दिवसापासून रोज उचलतेय तुझा चोथा."

"मग मी एवढं तोंड टाकलं तेव्हा गप्प का बसलात?" मला रडूच फुटलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"अगं, तुझ्याच हातून झालं म्हटलं असतं, तर भीतीने तू परत झाडाला हात लावला नसतास. माझे गुडघे असे. माझ्यामागे याचं बघायचं कोणी?"

त्या मला हाताला धरून बाहेर घेऊन गेल्या. आधी कुंडीतला चोथा उचलला. मग माझं बोट खुंटावर ठेवलं आणि म्हणाल्या, "आता तू बघ. हळू खरवड."

मी खरवडलं. आत हिरवं होतं.