ऑर्व्हिलची टपालपेटी

आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, गॅरेजात बर्फ हटवायच्या सहा गाड्या. नऊ वर्षं त्यातली एक चालवल्यावर लॉर्ना हॉगन आमची मुकादम झाली. पहिल्याच सोमवारी तिने तळ्याकाठचा वळणावळणाचा रस्ता स्वतःकडे घेतला. तो रस्ता आम्ही कायम नव्या माणसाच्या गळ्यात मारायचो. रविवारी ती चर्चमध्ये बेसूर गाते, पण गॅरेजात तिने कधी देवाचं नाव काढून कुणाला उपदेश केला नाही.

फेब्रुवारीत म्हाताऱ्या ऑर्व्हिलचा फोन आला. मंगळवारी बर्फ हटवताना कुणीतरी त्याच्या घरासमोरची, रस्त्याकडेची टपालपेटी खांबासकट आडवी केली होती. त्या रस्त्यावरचा बर्फ हटवायचं काम ड्वेन किवेलाचं. लॉर्नाने त्याला सगळ्यांसमोर झापलं. "मी नाही पाडली," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जुनी पाळीपत्रकं चाळताना तिच्या लक्षात आलं, मंगळवारी ड्वेन दाताच्या डॉक्टरकडे गेला होता. त्याची गाडी तिनेच चालवली होती. आमच्यापैकी कुणालाही ते आठवत नव्हतं. खुद्द ड्वेनलाही नाही.

कॉफीच्या वेळी ती उभी राहिली. "पेटी मी पाडली. ड्वेन, तुला चारचौघांत बोलले, म्हणून माफीही चारचौघांतच मागते."

"तरी म्हटलं," ड्वेन म्हणाला, "एवढा सरळ नेम माझा कुठला?"

नंतर मी तिला विचारलं, "गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं असतं?"

"दर रविवारी चर्चमध्ये सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणते, माझं चुकलं. मग सोमवारी तेच शब्द गिळू?"

शनिवारी ती नवा खांब घेऊन गेली. ड्वेन आपणहून सोबत गेला. जमीन दगडासारखी गोठलेली, पहार आत जाईना. शेवटी त्यांनी खांब बादलीत उभा करून पाणी ओतलं आणि ते गोठायची वाट बघत बसले. ऑर्व्हिल खिडकीतून सूचना देत होता, "पोरी, जरा डावीकडे. अगं, तुझ्या नाही, माझ्या डावीकडे."

वसंतात जमीन सैल झाल्यावर त्यांनी तो खांब नीट पुरला.

त्या माफीनंतरच्या आठवड्यांत मात्र गॅरेजात भलतंच सुरू झालं. एकाने कुणाचंतरी कुंपण वाकवल्याचं सांगितलं, दुसऱ्याने गॅरेजचा दरवाजा चेपल्याचं. मीही दोन वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगून टाकली. लॉर्ना घड्याळाकडे बघत म्हणाली, "अरे, थोडं उद्यासाठी ठेवा. बाहेर बर्फ साचतोय."