मी देवीला ओवाळलं, त्याचा व्हिडिओ

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. बरं, राहू दे. लाखो लोक हसलेत, त्यात तुमची भर. चहा तेवढा संपवून घ्या, नाकात गेला तर मी जबाबदार नाही.

तर माझा धंदा काय, की लोक एखादाच व्हिडिओ वेड्यासारखा का बघतात, हे कंपन्यांना समजावून सांगायचं. पुण्यात नऊ वर्षं हेच केलं. मग कोलकात्याला न्यू टाउनमधल्या एका जाहिरात कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आलो. मोठ्या म्हणजे, सहा महिने प्रोबेशनवर! आमच्या बॉस सोमादी पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "श्रीरंग, मोहरीच्या तेलाचं गिऱ्हाईक आहे. त्यांचा एक व्हिडिओ असा चालव की लोक आपणहून एकमेकांना पाठवतील. चालला तर तू कायम. नाही चालला तर पुण्याची गाडी आहेच."

मी मनात हसलो. अहो, या विषयावर मी भाषणं दिलीयेत! पहिले तीन सेकंद, रंग, भावना, मग धक्का. सगळं पाठ. तेलाची संथ सोनेरी धार, मागे सतार, असा व्हिडिओ केला. मग दुसरा केला. मग तिसरा. बघितले कुणी? ऑफिसातल्यांनी, बायकोनं आणि साताऱ्याहून आईनं. आईचा लगेच फोन, "तेल छान दिसतंय रे, पण एवढं सांडायचं कशाला?"

पाच महिने असेच गेले. इकडे मुलीला शाळेत कसाबसा प्रवेश मिळालेला, घराचा करार दोन वर्षांचा. मृदुला, म्हणजे बायको, रोज विचारायची, "सामान बांधायचं की नाही, तेवढं सांग." मला रात्री झोप लागेना.

आणि तो रविवार उजाडला.

मृदुला मुलीला घेऊन पोहण्याच्या क्लासला गेलेली. मी अंघोळ करून, कद नेसून, उघडाबंब देवपूजेला बसलेलो. चष्मा बाथरूममध्ये. एवढ्यात बेल वाजली.

दारात भरजरी कुर्ते घातलेली चार माणसं, प्रत्येकाच्या हातात एकेक ताट. समोरच्या फ्लॅटमधल्या दत्तबाबूंच्या मुलीचं लग्न आहे, आज तिची हळद आहे, हे मला माहीत होतं. ही नवऱ्याकडची मंडळी. दत्तांच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यात पुढचे मेहुणेमामा छाप गृहस्थ म्हणाले, "दादा, एक थाला आपके यहाँ रखें? दो मिनट. ज़रा संभाल के, असली चीज़ यही है."

मी ताटाकडे बघितलं आणि थबकलोच. लाल बनारसी साडी. डोक्यावरून पदर. ही मोठी नथ. टिकली. गळ्यात रजनीगंधाचा हार. वरून चकचकीत पारदर्शक कागद. आता तुम्हीच सांगा, साताऱ्यात वाढलेला माणूस हे बघून काय समजेल?

गौर!

आमच्याकडे भाद्रपदात गौरी अशाच येतात ना, ताटात, साडीचोळीत, नथ घालून? त्यातून हे कोलकाता. इथे कुठल्याही वारी कुठली ना कुठली देवी येतच असते. मी मनात हिशेब जुळवला, आपल्याकडे लग्नाआधी देवक बसवतात, तशी यांच्यात देवी बसवत असतील. आणि अशी देवी माझ्या उंबऱ्याशी थांबलेली! तिला काय चपलांच्या कपाटावर ठेवू?

"रुकिए!" मी ओरडलो आणि आतून चौरंग घेऊन आलो. पॅसेजमध्येच भिंतीशी तो मांडून वर ताट ठेवलं. गृहस्थ एकदम भारावले. म्हणाले, "वाह, दादा, वाह!"

या 'वाह'नं माझा घात केला.

खरं तर गौरीचं सगळं बायका करतात. पण मृदुला घरी नाही म्हणून देवीला तसंच ताटकळत ठेवायचं? मी हळदकुंकू आणलं. कागद अलगद बाजूला केला, पदरावर हळदकुंकू वाहिलं. निरांजन लावून ओवाळलं. आमच्या घरी एकजण विचारतं, गौर कशाच्या पावलांनी आली, आणि दुसरं उत्तर देतं. इथे दुसरं कोण? मीच मोठ्यांदा विचारलं, "गौर कशाच्या पावलांनी आली?" आणि मीच आवाज बदलून उत्तर दिलं, "सोन्याच्या पावलांनी!"

मागे गर्दी जमत होती. दत्तांकडचे सगळे पाहुणे पॅसेजमध्ये आलेले. कुणी एक अक्षर बोलत नव्हतं. मला वाटलं, काय ही बंगाली माणसांची श्रद्धा! मी आणखी रंगात आलो. खणखणीत आरती म्हटली. मग फरशीवर सपशेल साष्टांग नमस्कार घातला. नवऱ्याची मावशी फोन धरून उभी होती, तिच्याकडे बघून हातसुद्धा जोडले असते, पण म्हटलं आधी देवीची पावलं धुऊ.

दुधापाण्याची वाटी घेतली. पावलं काही दिसेनात. निऱ्यांत दडली असतील म्हणून निऱ्या हळूच वर केल्या.

शेपटी!

अहो, शेपटी! हिरवट, ओली, वीतभर रुंद! मी असा किंचाळलो की वाटी उडाली आणि दूध मामांच्या कुर्त्यावर. दचकून मी पदर धरला, तो माझ्या हातात आला आणि नथ घातलेला एक भला मोठा मासा तोंडात विडा धरून माझ्याकडे बघायला लागला.

दत्तबाबू धावत आले. "श्रीरंगबाबू, एटा माछ! रुई माछ!" मग धापा टाकत त्यांनी सांगितलं, की हा रोहू मासा आहे, हळदीला नवऱ्याकडून नवरीकडे मासा पाठवायची यांची रीत आहे, आणि त्याला नवरीसारखा नटवतात. दुपारी त्याचंच कालवण. आणि वर कौतुकानं म्हणाले, "तुम्ही एवढी पूजा केलीत, आता माशाच्या डोक्याचा मान तुमचा. वाटीतून पाठवतो."

मी! चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारा मी! दार लावून घेतलं आणि दुसऱ्यांदा अंघोळीला गेलो.

तासाभरात मृदुला परत आली. दारातच फोन पुढे केला. "हा तूच आहेस ना?"

"पाठीवरून ओळखलंस?"

"कदावरून. माझ्या बाबांनी दिलाय तो. पुण्याहून माझ्या मावशीनं पाठवलाय व्हिडिओ, खाली लिहिलंय, कोण हा येडा?"

 पुण्यापर्यंत? तासाभरात? दुपारी तो दुबईला पोचला. संध्याकाळी आकडा बघायचं मी सोडून दिलं. एकच आधार होता, सगळं चित्रण मागून झालेलं आणि दत्तबाबू माझं नाव घेण्याआधीच संपलेलं, तोंड कुठेच दिसत नव्हतं.

सोमवारी मीटिंग. सोमादींनी मोठ्या पडद्यावर काय लावलं असेल? माझी पाठ. एवढी मोठी! सगळं ऑफिस टेबलं बडवून हसत होतं. शेपटीपाशी त्यांनी व्हिडिओ थांबवला आणि माझ्याकडे वळल्या. "श्रीरंग, तू यातला तज्ज्ञ. सांग, हा का चालला?"

आता काय करता, नोकरीचा प्रश्न! उठलो आणि माझ्याच पाठीवर लेझरचा लाल ठिपका फिरवत दहा मिनिटं बोललो. रंग बघा, भावना बघा, शेवटी धक्का बघा. आणि शेवटी, कुणी संशय घेऊ नये म्हणून, ठासून सांगितलं, "हे सगळं ठरवून केलेलं आहे. हा कसलेला नट आहे. खरा माणूस इतका मूर्ख असूच शकत नाही."

सोमादींचे डोळे चमकले. "मग त्या नटाला शोध! मासा आहे, मोहरीचं तेल आपलं आहे, आणखी काय हवं? महिनाअखेर त्याला घेऊन जाहिरात कर. नाही सापडला तर तुझं काही खरं नाही."

आता बोला!  मग सगळे गेल्यावर दार लावून सोमादींना खरं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. हेच जास्त भयंकर होतं. शांतपणे म्हणाल्या, "तो कद अजून आहे ना?"

मग काय, झाली जाहिरात. तोच पॅसेज, तसाच रुई मासा, तशीच बनारसी. दिवे, तीन कॅमेरे, मेकअप. या वेळी तोंडासकट. अकरा वेळा साष्टांग नमस्कार घातला मी, गुडघे सोलून निघाले. अकरा वेळा शेपटी बघून किंचाळलो. जीव ओतला हो! म्हटलं, पोरीची शाळा वाचवायची आहे.

शुक्रवारी व्हिडिओ सोडला. शनिवार गेला, रविवार गेला. कुणी ढुंकून बघेना. सोमवारी सोमादींनी बोलावून घेतलं, लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. म्हणाल्या, "काढत नाही, कायमही करत नाही. तीन महिने प्रोबेशन वाढवते. का ते इथे लिहिलंय, वाच."

खाली एकच कॉमेंट होती. कुणीतरी मनापासून लिहिलं होतं, 'हा नवा नट अगदीच सुमार. मूळ व्हिडिओतला माणूस आतून मूर्ख होता, याला ते जमत नाहीये.'

त्या कॉमेंटला एकच लाइक होता. मृदुलाचा.