गिधाडांची मोजदाद

गिधाडं आभाळातून उतरताना ज्यानं पाहिली नाहीत, त्याला ते सांगून पटायचं नाही. आधी काहीच नसतं. मोकळं आभाळ, आणि माळावर टाकलेलं एक मेलेलं जनावर. मग खूप वर, डोळ्यात कुसळ गेल्यासारखा एक ठिपका दिसतो. तो गोल गोल फिरत असतो. तुम्ही क्षणभर खाली बघता, परत वर बघता, तर पाच ठिपके. मग दहा. कुठल्या कोपऱ्यातून आले, कुणी बोलावलं, काही कळत नाही. शेवटी ती पाय खाली सोडून, पंख अर्धे मिटून जमिनीकडं येतात तेव्हा वाऱ्याचा मोठा आवाज होतो. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा मी बसल्या जागी डोकं गुडघ्यात घातलं होतं.

हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं. आमचं गाव कोल्हापूरपासून एसटीनं तासाभरावर, कुरुंदवाडच्या बाजूला. मी गावच्या दूध संस्थेत दुधाची फॅट तपासायचं काम करायचो. सकाळ-संध्याकाळ दूध घ्यायचं, मधला दिवस मोकळा. कोल्हापुरातल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे एक सर जिल्ह्यातल्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचे. ते एकदा नदीवर बदकं बघायला आले होते, मी त्यांना वाट दाखवली. जाताना त्यांनी माझ्या हातात छापील तक्ते आणि त्यांची जुनी दुर्बीण ठेवली. तुमच्या माळावर गिधाडं उतरतात, ती मोजत चला, एवढंच म्हणाले. दुर्बिणीचा एक डोळा धूसर होता, पण माझा उत्साह मात्र उतू चालला होता.

पहिल्याच दिवशी फजिती करून घेतली. खायला बसलेल्या गिधाडांचा नुसता गोंधळ असतो. माना आत, शेपट्या बाहेर, एक बाहेर फेकलं गेलं की दुसरं घुसणार. मी घुसणारं प्रत्येक मोजत गेलो. सरांनी माझा आकडा बघून विचारलं, सगळ्या तालुक्याला जेवणाचं आमंत्रण होतं का. मग त्यांनी शिकवलं की खाताना मोजायचंच नाही. पोट भरलं की ती बांधावर आणि बाभळींवर पंख पसरून उन्हाला बसतात, तेव्हा निवांत मोजायची. जनावर कुणाचं मेलं हे मला विचारावं लागायचं नाही. त्या घरची किटली संस्थेत यायची बंद व्हायची.

मला अप्रूप वाटायचं ते त्यांच्या कामाचं. एवढी थोरली म्हैस, पण तासा-दोन तासात नुसता सांगाडा उरायचा. वास नाही, माशी नाही. मी ते बघत बसायचो आणि घरी जायचं विसरायचो. गावात माझी चेष्टा व्हायची. एका शेतकऱ्यानं विचारलं, "काय ओ, गिधाडांची रेशनकार्डं काढायलाय काय?" मी व्हय म्हणालो, तुमचं नाव घालू का विचारलं. त्यानं परत कधी विचारलं नाही.

घरात मात्र मी हे लपवलं होतं. आम्ही बौद्ध. छप्पन्न सालाच्या आधी गावातलं मेलेलं जनावर ओढून न्यायचं काम आमच्या लोकांवर लादलेलं होतं. धम्म स्वीकारल्यावर आमच्या वस्तीनं ते बंद केलं. ज्याचं जनावर त्यानं ओढावं. आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा विशीतले. पुढं ते साखर कारखान्यात लागले, रात्रशाळेत लिहायला शिकले, निवृत्त झाल्यावर विहाराचा कारभार बघू लागले. जनावरं टाकायच्या त्या माळाकडं त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. पलीकडच्या रानात जायचं झालं तरी लांबच्या पाणंदीनं वळसा घालून जायचे. त्या दिवसांबद्दल त्यांच्या तोंडून एक शब्द आम्ही भावंडांनी ऐकला नव्हता.

गावात गोष्ट लपते थोडीच. एका दुपारी मी दुर्बीण घेऊन आलो, तर आबा दारातच उभे.

"ज्या जागंवरनं आम्ही उठलो, तिथं जाऊन तू बसतोस व्हय?"

"ओढायला न्हाय जात, आबा. बघायला जातोय."

"काय बघायचं हाय त्यात?"

मला सांगता आलं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीतरी दुखल्यासारखं होतं, आणि ते बघून मलाच उलटा राग आला. मी दुर्बीण घेऊन तसाच आत गेलो. त्यानंतर आम्ही ऊस, पाणी, लग्नं, राजकारण सगळ्यावर बोलायचो, पण मी माळावरून आलो की ते अंगणातून उठून जायचे. बापलेक एकाच मातीचे. त्यांनी विचारायचं सोडलं आणि मी जायचं सोडलं नाही. अशी दहा-बारा वर्षं गेली.

त्या वर्षांत गिधाडं कमी होत गेली. चाळीसच्या घरातला आकडा पंधरावर आला, मग चार-पाचवर. ती चार-पाचही मान टाकून बाभळीवर बसलेली असायची. एकदा माझ्या देखत एक फांदीवरून खाली पडलं. मी जवळ गेलो. त्याचे दोन्ही पंख मी हातानं उलगडले, तर माझे दोन्ही हात पसरूनही पुरेनात. एवढा मोठा जीव, आणि अंगावर जखम म्हणून नाही. मी त्याच्याशेजारी किती वेळ बसलो मला आठवत नाही. नंतर नंतर माळावर जनावरं आठ-आठ दिवस पडून राहू लागली, कुत्री वाढली, वारा फिरला की वस्तीत जेवण जाईना. आभाळ रिकामं ते रिकामंच.

मला मोजणं थांबवायचं होतं. सर म्हणाले, जाऊन बघितलं आणि दिसलं नाही, तर शून्य लिहायचं. न जाता सोडलेला दिवस आणि शून्य यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. मग मी जायचो आणि शून्य लिहायचो. लिहिताना लाज वाटायची, जणू मीच हाकलून आलोय.

तसं ते अगदीच खोटंही नव्हतं. दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत एका दुपारी सर घरी आले आणि त्यांनी कारण सांगितलं. जनावरांना दुखणं थांबायला देतात ते इंजेक्शन. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. संस्थेच्या फोनवरून डॉक्टरांना बोलावणारा मीच होतो. लंगडणारी म्हैस सुई टोचल्यावर उठून उभी राहायची आणि आम्ही सगळे खूश. कुणालाच ठाऊक नव्हतं, सर म्हणाले. मला ते पुरलं नाही.

आबा दाराशी बसून ऐकत होते. सरांनी एक नवा तक्ता काढला. जुन्या काळात इथं किती आणि कोणकोणती गिधाडं होती, याची कुणी नोंदच केलेली नव्हती. ज्यांनी पाहिली ती माणसं आता थकली होती. सर आबांकडं वळले आणि हात जोडून म्हणाले, तुम्ही सांगितलंत तर ते कागदावर राहील. मला सरांचा हात धरून त्यांना बाहेर न्यावंसं वाटलं. ज्याला बोट लावायचं नाही तिथंच त्यांनी बोट ठेवलं होतं.

आबांनी एवढंच विचारलं, "संपली म्हंजे? सगळी?"

आपल्या भागात तरी आता दिसत नाहीत, सर म्हणाले. आबा उठून आत गेले. झालं ते पुरे, असं म्हणून मी सरांना एसटीत बसवलं. तक्ता घरीच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध उरकून आलो, तर आबा चष्मा लावून बसलेले आणि तो तक्ता त्यांच्या मांडीवर. बस आणि लिही, म्हणाले.

ते दोन तास बोलले. पोरवयात ते त्यांच्या आज्ज्याबरोबर माळावर जायचे. आधी कावळे. मग एक लहानसं पांढरं गिधाड लांबून फेऱ्या मारायचं. मग मोठी उतरायची, इतकी की कडेच्या चिंचेचं पान दिसायचं नाही. आणि मग, कधीमधी, काळ्या अंगाचं आणि तांबड्या मानेचं एक यायचं, की बाकीची सगळी मागं सरून त्याला वाट द्यायची. ते कसं चालायचं, हे सत्तरीला आलेल्या माझ्या वडिलांनी खांदे उचलून मला चालून दाखवलं. ते राजगिधाड. पुस्तकात सोडून मी ते कधी पाहिलेलं नाही. दुर्बीण लावून इतकी वर्षं मी जे शोधत होतो, ते माझ्याच घरात, तोंड मिटून बसलं होतं.

मग ते छप्पन्नवर आले. काम सोडलं तेव्हा गाव म्हणालं होतं, सडू दे जनावरं, आठ दिवसात पाय धरत येतील. पहिला बैल मेला तो मालकानं रागानं मुद्दाम आमच्या वस्तीजवळच्या बांधाला आणून टाकला. म्हातारी माणसं घाबरली. घाण सुटली की आळ आपल्यावरच येणार, मग वाकावं लागणार.

"सगळी वस्ती आभाळाकडं बघत बसलो," आबा म्हणाले. "आन् ती आली की रं. दिवस मावळायच्या आत हाडं ऱ्हायली नुसती. दुसरं मेलं, तवाबी आली. गाव गप झालं. आम्ही वाकलो नसतोच. पर म्हाताऱ्यांस्नी धीर कुणी दिला, तर त्यांनी."

मग म्हणाले, "आन् मी त्यांच्याकडं पन्नास वर्सं पाठ केली."

मला रडू आवरेना. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. तक्त्याच्या तळाशी बोट ठेवून विचारलं, हे निरीक्षक म्हणजे काय. ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तो, मी सांगितलं. त्या रकान्यात मी आदल्या दिवशीच सवयीनं पेन्सिलीनं माझं नाव लिहून ठेवलं होतं. आबांनी खोडरबर मागून घेतला. माझं नाव पुसलं, कागद फुंकला, आणि माझ्या हातातलं पेन घेऊन सावकाश, एकेक अक्षर टेकवत, स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

"तुझं खाली घाल," म्हणाले. "आधी मी बघितल्यात."