पालथी टोपली

मिठाला कोणी बोलावत नाही. पाणी उडून गेलं की तळाला साचलेलं दिसतं. किस्स्यांचंही तसंच. मी जूचंद्रचा. उभा जन्म मिठागरात फावडं ओढलं, कंबर तिथेच राहिली. शाळा चौथीपर्यंत. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, तेव्हा डॉक्टर म्हणाला, "म्हात्रे, आता तुम्ही ग्रुपला जा." ग्रुप म्हणजे काय, तर ज्यांचं दुखणं आता जाणार नाही अशी माणसं दर बुधवारी गोल करून बसतात आणि बोलतात. बोलून काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. जातो मात्र.

* * *

पहिल्या दिवशी कळलं, ग्रुप दुसऱ्या मजल्यावर. आणि लिफ्ट बंद! कंबरवाले, गुडघेवाले, मानवाले, सगळे कठडा धरून वर निघाले. अर्ध्या जिन्यात एक बाई बसलेली. अर्नाळ्याची फिलूबाय. डोक्यावर मासळीची टोपली वाहून वाहून तिची मान गेलेली, मानेपाठोपाठ पाठ गेलेली.

मी म्हटलं, "बाय, सर जरा."

"ओलांडून जा, नाना," ती म्हणाली. "सरायचं असतं तर वर नसते का पोचले?"

वर ग्रुप घेणाऱ्या केतकी मॅडम. माझ्या नातीच्या वयाच्या. आम्ही धापा टाकत बसलो तर म्हणाल्या, "वर आलात, म्हणजे अर्धी लढाई जिंकलात!"

विरारचा सावंत, मुंबईला नोकरी करणारा, पाठीच्या नसेने बेजार. तो म्हणाला, "मॅडम, उरलेली अर्धी म्हणजे उतरायचं का?"

* * *

ग्रुपची एक रीत आहे. आल्या आल्या प्रत्येकाने आकडा सांगायचा. शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. मॅडम वहीत लिहितात.

फिलूबाय म्हणाली, "दहा."

मॅडमनी लिहिलं दहा. फिलूबाय त्यांच्याकडे बघतच राहिली. "अगो, काय बोलशील तरी! आठ लाव!"

"का? तुम्ही दहा म्हणालात ना?"

"मी दहा बोलनार, तू सहा बोलनार, मंग आठावर येनार. भाव असाच करतात, पोरी!"

सावंत हसून म्हणाला, "आणि बाजार उठायच्या वेळी?"

फिलूबाय हसली नाही. "तवा भाव नसतो, सावंत साहेब. गिऱ्हाईक देईल ते घ्यायचं नि घरी जायचं."

* * *

मग मॅडमनी विचारलं, "दुखणं राहिलंच, तरी काय करता यायला हवं?" सावंत म्हणाला, ऑफिसच्या खुर्चीत सलग तासभर. मी म्हटलं, मला काही नको. मॅडमनी तेही लिहिलं!

फिलूबाय म्हणाली, "मला माझ्या जाग्यावर बसायचंय."

जागा म्हणजे बाजारातली. एक फरशी. आधी तिची आई बसायची, मग ही. तिच्या बाजारात कागद नाही, पावती नाही. आपली टोपली तिथे पालथी घालून ठेवायची, म्हणजे ही जागा धरलेली आहे. पण किती दिवस? शेजारणींनाही पोटं आहेत.

"पावसाळ्यापास्नं पालथी हाय," ती म्हणाली. "टोपली हाय तवर जागा माझी."

मॅडमनी ठरवून दिलं. रोज घरी जमिनीवर बसायचं. दुखायच्या आधी उठायचं. आधी पाच मिनिटं, मग वाढवत न्यायचं.

मी म्हटलं, "दुखायच्या आधी थांबली असती तर ही माणसं इथे आली असती का?"

* * *

एकदा डोळे मिटायला लावले. पंखा हळू केला. मॅडम अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "तुम्ही राजोडीच्या किनाऱ्यावर आहात. समुद्र शांत आहे. एकही होडी नाही. कसं वाटतंय?"

फिलूबायने डोळे उघडले. "होड्या नाय? मंग मेले सगळे घरी दारू पीत बसले असतील!"

सगळे हसले, एक सावंत सोडून. तो झोपला होता. चांगला घोरत होता. मॅडमनी खूण केली, उठवू नका. दहा मिनिटांनी जागा झाला आणि पोरासारखा रडायला लागला.

"काय झालं?" मॅडम घाबरल्या.

"झोप लागली होती," तो म्हणाला. "मला वाटलं, मेलो. बरं वाटलं होतं."

त्या दिवशी पुढे कोणी समुद्राचं नाव काढलं नाही.

* * *

सावंतचाच अजून एक. त्याने मोठं मशीन करून घेतलं, ते नळकांड्यात घालतात ते. रिपोर्ट आला. सगळं नॉर्मल! बायकोने देवापुढे साखर ठेवली. हा आत जाऊन उशीत तोंड खुपसून बसला. बाहेरून बायको म्हणाली, "काही नाहीये ना पाठीत? मग उठा, सिलिंडर लावा."

"लावलास?" मी विचारलं.

"लावला," तो म्हणाला. "रिपोर्टपुढे काय बोलणार?"

* * *

मला मॅडमनी वही दिली. दुखणं उठलं की लिहायचं. आता मी काय लिहिणार? मिठाच्या पाट्या मोजायचो तशा रेघा मारल्या. चार उभ्या, पाचवी आडवी. बुधवारी वही परत दिली.

मॅडम म्हणाल्या, "काका, ही तर भरली."

"दुसरी द्या."

त्यांनी दुसरी वही काढून दिली. मग म्हणाल्या, "काका, दुखण्याशी भांडू नका. मैत्री करून बघा."

"मॅडम, मी सख्ख्या भावाशी केली नाही!"

* * *

फिलूबायचं बसणं आम्ही सगळे धरून होतो. दर बुधवारी आधी तिला विचारायचं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. एकदा बारा! मॅडमनी टाळ्या वाजवायला लावल्या. मग सात. मग चार.

मी म्हटलं, "बाय, कोंबडी पन अंड्यावर जास्त बसते!"

ती हसायला गेली आणि मान धरून तशीच राहिली. हसूही अर्ध्यात थांबलं. मी दुसरीकडे बघितलं. बाजार सकाळभर चालतो, हे तिला सांगायची काय गरज होती? तिला ठाऊक होतंच.

* * *

परवाच्या बुधवारी ती उशिरा आली. दोन जिने चढून, आणि हातात बाजारातली ती टोपली! जुनी, काठाला तारेने बांधलेली. कोरडी ठाक.

मॅडम उठून उभ्याच राहिल्या. "अरे वा, फिलूबाय! बाजाराला निघालात की काय?"

फिलूबाय खुर्चीत बसली. टोपली मांडीवर घेतली. सावंतने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे.

"आकडा?" मॅडमनी वही उघडली.

"दोन लाव."

"दोन? खरंच?"

"दोन लाव, एक लाव. तुला काय लावायचा तो लाव."

मॅडमनी दोन लिहिलं आणि टाळ्या वाजवायला लागल्या. एकट्याच.

तासभर फिलूबाय टोपलीच्या काठाची तार दाबत बसली. सुटल्यावर कठडा धरून उतरायला लागली, तेव्हा मला दिसलं, हात रिकामा आहे. म्हटलं विसरली. आणायला परत वर गेलो.

टोपली तिच्या खुर्चीवर पालथी ठेवलेली होती.