आधी कापड बाहेर काढ

माझ्या हाताला यश आहे, असं एके काळी मी बरकतपुऱ्यात स्वतःच सांगत फिरत असे. आमच्या गल्लीत कम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केलेला मीच पहिला. तेव्हा जो तो कम्प्युटर शिकून परदेशी निघाला होता. मी आमच्या बैठकीच्या खोलीपर्यंतच पोचलो, पण रुबाब तोच.

बाबांसाठी मी एक जुना लॅपटॉप आणला होता. शिक्षकीतून निवृत्त झालेले बाबा त्यावर दोन बोटांनी मराठी ग्रंथालयाची पुस्तकयादी टाइप करत. ते काम सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. आणि हळूहळू यादी उघडायला इतका वेळ लागू लागला, की बाबा मधल्या वेळात आंघोळ उरकून येत.

"मेमरी कमी पडतेय," मी निदान केलं. मेमरी वाढवली. फरक शून्य. मग व्हायरस शोधला. सापडला नाही, तेही मी व्हायरसच्या हुशारीवर ढकललं. शेवटी डिस्कवर विखुरलेली माहिती ओळीत लावणारा प्रोग्रॅम सुरू केला. पडद्यावरचे रंगीत चौकोन हलेनात. आतून आवाज मात्र येऊ लागला, टक्, टक्, खर्र.

"अरे, यादी जाणार नाही ना?" बाबांनी विचारलं.

"बाबा, मी आहे ना!"

"म्हणून तर विचारतोय."

पलीकडे आई पायमशीनवर ब्लाउज शिवत होती. तिने पाय थांबवला, कान दिला.

"हे एकाच जागी अडकतंय रे. माझी मशीन अडकली की अशीच बोलते."

"आई, ही शिलाई मशीन नव्हे."

"हौ, माहितीय. पण उगाच चाक फिरवत बसू नको. आधी कापड बाहेर काढ, मग मशीन उघड."

कापड म्हणजे यादी, हे कोर्सवाल्याला उमगायला मिनिटभर लागलं. प्रोग्रॅम थांबवला, यादी सीडीवर उतरवायला घेतली. त्यात अख्खी दुपार गेली. बाबा खुर्ची सोडेनात. उतरली एकदाची. मग डिस्क तपासली, तर खराब जागा सगळ्या एकाच पट्ट्यात, आई म्हणाली तशा. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप सुरूच झाला नाही.

पुढे यादी छापून आली. 'तांत्रिक साहाय्य' असं लिहून पुढे माझं नाव! पार पलीकडच्या चिक्कडपल्लीपर्यंत मी प्रती वाटल्या. घरच्या प्रतीत मात्र बाबांनी ते नाव शाईने खोडून, फळ्यावरच्या त्यांच्या वळणदार अक्षरात, आईचं लिहिलंय.

येणाऱ्या-जाणाऱ्याला मी तीच प्रत दाखवतो.