डेक्लनरावांच्या गाडीला घातलेला नमस्कार

चहा घेताय ना? सावकाश घ्या. ऐकताना घोट घशात अडकला, तर ते पाप माझ्या माथी नको. एका साध्या नमस्काराने मी काय घोळ घातला, ते माझ्याच तोंडून ऐकलेले बरे. आमच्या सौभाग्यवती सांगतात तेव्हा त्या कथेत माझे वजन दर खेपेस वाढलेले असते!

दोन हजार वीस साली आम्ही उभयता मुलाकडे, डब्लिनजवळच्या ल्यूकनला, तीन महिन्यांसाठी म्हणून गेलो आणि टाळेबंदीत वर्षभराहून अधिक काळ तिथेच राहिलो. तक्रार नाही हं! सकाळी पूजा, दुपारी वाचन, संध्याकाळी घरच्या घरी भजन. सातार्‍याहून नेलेल्या सागवानी चौरंगावर आमचा विठोबा सुखात होता. आणि शेजारी डेक्लनराव होते.

डेक्लनराव पेशाने बसचालक. छंद एकच, जुन्या अमेरिकन गाड्या. त्यांच्या दारातली ती गाडी! अहो, गाडी कसली, ऐरावतच तो. तोंड रस्त्यावर आणि शेपूट स्वयंपाकघराच्या खिडकीशी. टाळेबंदीत त्यांनी तिचा गंज खरवडला, कुजलेला पत्रा कापून नवा जोडला, साईसारखा रंग दिला. कुंपणाच्या अलीकडून मी ते सारे पाहत असे. एवढी एकाग्रता मला जपाला बसल्यावर कधी साधली असेल, तर शपथ!

या खटाटोपामागे एक माऊली होती. डेक्लनरावांच्या आई दूर पश्चिमेला, एनिस गावी एकट्या राहतात; वय फार, कानांनी अधू. तरुणपणी अमेरिकेत असताना त्या अशाच गाडीतून फिरलेल्या. बंधनांमुळे कितीतरी महिने मायलेकरांची भेट नव्हती. प्रवासाची बंदी उठली की पहिल्याच शनिवारी ही गाडी त्यांच्या दारात नेऊन उभी करायची, हा लेकाचा संकल्प.

बंदी उठली त्या आठवड्यात डेक्लनराव मला म्हणाले, “बाबा, तुमच्यात नव्या गाडीची पूजा करतात म्हणे. हिलाही आशीर्वाद द्या की!” मुलगा मला बाबा म्हणतो, म्हणून हे माझे नावच आहे असा त्यांचा समज. “फक्त रंगाला काही लावू नका. अजून कोवळा आहे.”

दुसर्‍या दिवशी सकाळी स्नानसंध्या उरकून मी गेलो. आसपास कोणी नव्हते. हळदकुंकवाचा मोह आवरला, नुसते फूल वाहिले. मग पुढच्या चकचकीत बंपरवर दोन्ही हात टेकले आणि त्यावर मस्तक ठेवले.

सूंऽऽऽ!

आणि काय सांगू, गाडी खाली गेली! चांगली वीतभर! पोट जमिनीला टेकेल अशी, म्हातारी हत्तीण बसावी तशी बसली.

मी काय केले असेल? पळालो. या वयात, सोवळ्यासकट!

“अहो, नमस्कार केलात की धक्का मारलात?” इति सौभाग्यवती.

“नुसते डोके टेकवले गं!”

“डोक्यामागे बाकीचेही होतेच ना? रोज सांगते, शिर्‍याची दुसरी वाटी नको. देवाचा नैवेद्य म्हणे! देव कसा जाड होत नाही?”

दुपारी खिडकीतून पाहिले, तर गाडी पुन्हा उभी! हायसे वाटले. संध्याकाळी पाहतो, तर पुन्हा बसलेली! म्हणजे बिचारे डेक्लनराव कष्टाने उभी करत होते आणि मी मोडलेली ती पुन्हा कोसळत होती. शेवटी धीर करून विचारले, “गाडी कशी आहे?”

“ग्रँड!”

आता हे तुम्हीच सांगा. जिथे छप्पर उडाले तरी माणसे ‘ग्रँड’ म्हणतात, तिथे या उत्तरावर किती विसंबायचे? मला दुखवायचे नाही म्हणून दुःख गिळताहेत, अशी माझी खात्रीच पटली. आणि शनिवार तर दारात आलेला!

शुक्रवारी संध्याकाळी गाडी उभी दिसली. मी विठोबाला घडी घातलेल्या शालीवर बसवले आणि चौरंग उचलला.

“अहो, देवाचा चौरंग कुठे निघाला?”

“गाडीखाली ठेवतो. आधार होईल. जो देवाला पेलतो, त्याला गाडी जड आहे का?”

“देव जेमतेम पावशेराचा आहे,” ही म्हणाली.

पण ऐकतो कोण? कोणी पाहत नाही असे बघून मी गुडघ्यांवर रांगत तो गाडीच्या पोटाखाली सरकवला.

शनिवारी सकाळी शेजारीपाजारी आपापल्या दारांत उभे. डेक्लनराव कोट घालून, केस विंचरून बाहेर आले. खिशातून एक छोटासा रिमोट काढून म्हणाले, “मंडळी, निघण्यापूर्वी ही तुम्हाला वाकून नमस्कार करणार आहे! स्प्रिंगा काढून मी हवेच्या पिशव्या बसवल्यात. बटण दाबले की बसते, दाबले की उठते. आठवडाभर स्वयंपाकघरातूनच करून बघतोय!”

अरे देवा! मी ती मोडली नव्हती, हे मला त्याच क्षणी कळले. आणि आता मोडणार आहे, हेही!

“थांबा!” मी ओरडलो, “चौरंग! चौरंग!”

मराठीत ओरडलो हो! त्यांना वाटले, मी जयघोष करतोय. त्यांनी हसून हात हलवला आणि बटण दाबले.

सूंऽऽऽ... कडाड!

डेक्लनरावांनी गाडी उठवली, वाकून पाहिले आणि तीन पायांचा चौरंग बाहेर ओढला. धुराचा पाइप सांध्यातून निखळून लोंबत होता.

“बाबा, हे काय?”

“आधार,” मी म्हणालो.

“कसला?”

“गाडी बसत होती ना...”

डेक्लनरावांनी घड्याळाकडे पाहिले. तिकडे आई वाट पाहत होती. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ते कोटासकट गाडीखाली शिरून पाइप तारेने बांधत होते. इंजिन सुरू झाले आणि गल्लीतली सगळी कुत्री एकदम भुंकू लागली! त्या गर्जनेतून “ग्रँड, बाबा, ग्रँड!” असे ओरडत ते गेले.

दिवसभर मी पाण्याशिवाय काही घेतले नाही. संध्याकाळी डेक्लनरावांचा फोन आला. गाडी वळणापाशी असतानाच आई फाटकात येऊन उभी होती म्हणे. “कित्येक वर्षांनी मला तू येताना ऐकू आलास,” म्हणाली. आता पाइप दुरुस्त करू देत नाही!

“घ्या!” फोन ठेवताच ही म्हणाली, “जन्मभर लीनतेवर निरूपणे केलीत, आणि एक गाडी तुमच्यापुढे वाकली तर म्हणता मोडली!”

पुढे डेक्लनरावांनी चौरंगाला चौथा पाय बसवून दिला, जुन्या बंपरच्या तुकड्याचा, आरशासारखा लखलखीत. विठोबा पुन्हा जागेवर विराजमान झाला. मी गहिवरून डोके टेकवायला पुढे सरसावलो, तोच मागून आवाज आला:

“अहो, लांबूनच! आता चौरंगालाही डेक्लनरावांचा पाय आहे. डोके टेकताच तोही बसायचा!”