सुपात वाळत पडलेलं कार्ड

कार्ड अंगणात सुपात वाळत पडलंय आणि आत कम्प्युटर त्याच कार्डानं सुरू झालाय, असं कोणी सांगितलं तर तुम्ही त्याला काय म्हणाल? थापाड्या? मीही तेच म्हटलं असतं. आमच्या घरात भूत, करणी, अंगात येणं... यातलं काहीच चालत नाही. बाबा अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं छापून आणायचे आणि शाळेच्या आधी मी ती दारोदार वाटायची, अशी माझी वाढ. तरी हे लिहितेय. कारण या घटनेचं पुढे लोकांनी जे केलं, त्याचा राग अजून गेलेला नाही.

गेला ऑक्टोबर, २००७ चा. नवेगाव बांधपासून सायकलने अर्ध्या तासावर आमचं गाव. विहाराला लागून एक खोली आहे, तिथे आम्ही पोरींना कम्प्युटर शिकवायचं केंद्र उभं करत होतो. जुन्या दहा मशिनी, एकीतही हार्ड डिस्क नाही. अशी मशीन सुरू होताना सगळं काही कोपऱ्यातल्या सर्व्हरकडून मागून घेते, आणि मागायला लागतं नेटवर्क कार्ड. ज्या जातीचं कार्ड, तशी मशीन सुरू करायची फ्लॉपी. त्या सगळ्या फ्लॉप्या शालूनं बनवल्या होत्या. शालू म्हणजे केंद्रासाठी आमच्याबरोबर राबणाऱ्या रामटेके काकांची विधवा सून. शिकली माझ्याकडे, पण केव्हाच माझ्या पुढे गेली. तपासणीला येणाऱ्या साहेबांसमोर दहाही मशिनी चालल्या तरच केंद्राला मान्यता, आणि तरच शालूला तिथे शिकवायची नोकरी. नाहीतर लेकीला इथे ठेवून नागपूरला कुणाच्यातरी घरी स्वयंपाक.

नऊ चालल्या. दहावी म्हणे, कार्ड सापडत नाही. खोडरबरने कार्डाचे सोनेरी दात घासले, खाच बदलली, फ्लॉपी बदलली – तेच.

"काऊन रुसून रायली वो ही?" काका म्हणाले. "ओल धरली असन. तलावाची हवा. ऊन दाखव नं तिले, धानाले नाई दाखवत का?"

"मामाजी, ते धान नोहे," शालू हसली. पण दुसरं काही सुचतही नव्हतं. कार्ड काढून सुपात ठेवलं, सूप अंगणात. नेटवर्कची वायर टेबलावर मोकळी.

साहेब चारला यायचे होते, तीनलाच आले. गोंदियाचे. "ये कबाड़ कहाँ से उठा लाए?" मग माझ्याकडे बघून मराठीत, "तुम्हा लोकांना सगळं फुकट पाहिजे, वरून कम्प्युटरही पाहिजे."

काकांनी मान खाली घातली. मी नाही घातली. "इथं फुकटचं काय आहे ते दाखवा साहेब!" ते स्वतःच एकेक बटण दाबत निघाले. नऊ मशिनी लागल्या. दहावीचं बटण दाबलं.

"साहेब, तिच्यात कार्ड नाही," मी म्हटलं. खोटं दाखवून मान्यता नको होती. शालूनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरू शकत नाही.

फ्लॉपी घरघरली. पडद्यावर ठिपके सरकले... आणि नाव-पासवर्ड विचारणारी चौकट उघडली.

"चालू है ना? फिर क्या कार्ड-कार्ड!" साहेबांनी कागदावर दहा लिहिलं आणि गेले.

शालूनं त्या मशीनवर आपलं नाव टाइप केलं. फाइल सर्व्हरवर उतरली! प्रत्येक कार्डावर त्याचा स्वतःचा वेगळा नंबर छापलेला असतो आणि कोणत्या कार्डानं मागणी केली, ते सर्व्हर टिपून ठेवतो. तीन वाजून बारा मिनिटांची नोंद होती. नंबर – सुपातल्या कार्डाचा. आम्ही तिघांनी एकेक अंक बोट ठेवून जुळवला.

चारला लोडशेडिंग. वीज आल्यावर दहावी पुन्हा म्हणे, कार्ड नाही. मशीनला नेटवर्कचं दुसरं तोंड नव्हतं, बिनतारी काही नव्हतं. ते कार्ड परत बसवलं तरी ती हलली नाही. शेवटी नवं कार्ड टाकलं.

गोष्ट गावभर झाली आणि दुसऱ्या दिवशी दारावर लिंबू-मिरची! शालूनं पंधरा दिवस मान मोडून नऊ मशिनी चालवल्या, तेव्हा कुत्रं फिरकलं नाही. एक मशीन विनाकारण चालली, तर अख्खं गाव नारळ घेऊन हजर. तेही विहाराच्या दारात!

"शालूच्या नवऱ्याचाच हात असन वो बाई," एक म्हातारी म्हणाली.

शालू भडकली. "जित्ता होता तवा पाण्याचा गिलास नाई उचलला त्यानं. आता मेल्यावर मशिनी चालवते का?"

लोक हसले, पण पोरी यायच्या बंद झाल्या. "त्या खोलीत काही हाये" एवढंच कारण. मान्यता आहे, नोकरी आहे, आणि वर्गात चार पोरी. या उन्हाळ्यापर्यंत वर्ग भरला नाही, तर केंद्र बंद. जे साहेबांना जमलं नाही, ते लिंबू-मिरची करून दाखवेल.

त्या दुपारी काय झालं, मला माहीत नाही. माहीत नाही म्हणायची लाजही वाटत नाही. पण माहीत नाही म्हणजे भूत, हे कुणी ठरवलं? तुमच्यापैकी कुणाला कारण सापडलं तर जरूर कळवा. मात्र त्यासाठी थांबू नका. नवेगाव बांध, अर्जुनी मोरगावच्या बाजूला तुमची बहीण, आत्या, वहिनी कुणी असेल, तर आजच तिला फोन करा आणि सांगा – पोरीला शालूच्या वर्गात पाठव. दुपारी दोन ते पाच.